पाठीवरचं पाणी

मे महिन्याचा शेवट आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा, या दोन वेळांना माझा फोन जरा जास्तच वाजतो. ऑफिसातली एखादी नवी मुलगी, सोसायटीतल्या कुणाचा तरी इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, कधी सासरकडचं कुणी. प्रश्न एकच, सॅक कुठली घेऊ? सोबत दोन-तीन सॅकांचे फोटो, किमतींसकट. रंग बहुतेक वेळा आधीच पसंत पडलेला असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो.

मी उलट विचारते, कुठे जायचंय आणि कुठल्या महिन्यात? समोरचा हिरमुसतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं आणि मी पंचांग काढून बसलेली. पण त्याला इलाज नाही. दुकानात टांगलेलं बहुतेक सामान थंडी डोळ्यांसमोर ठेवून घडलेलं असतं. आल्प्सची थंडी, हिमालयाची थंडी. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला साल्हेर १५६७ मीटर. एवढ्या उंचीवर हवा त्रास होण्याइतकी विरळ होत नाही, बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पठारावर दात वाजतात, तेवढंच. सह्याद्रीत माणसाला बेजार करतं ते पाणी. चार महिने ते नको तितकं असतं आणि उरलेले आठ महिने हवं तिथे नसतं. माझी तरी सॅकपासून मोज्यांपर्यंतची सगळी खरेदी या एका गोष्टीवर ठरते.

आधी पावसाळ्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. असल्या पावसात कोरडं राहायचं म्हणून लोक दहा-बारा हजारांचं जॅकेट घेतात. त्याचं कापड बाहेरचं पाणी अडवतं आणि आतल्या घामाची वाफ बाहेर सोडतं. कोरड्या, थंड हवेत ते छान चालतं. जुलैतल्या घाटात मात्र बाहेरची हवाच वाफेने गच्च भरलेली असते. आतल्या वाफेला बाहेर जायला जागाच नाही. चढावर अर्ध्या तासात माणूस आतून घामाने तितकाच भिजतो जितका बाहेरून पावसाने भिजला असता. शिवाय आंघोळ गरम पाण्याची.

तेव्हा पावसाळी ट्रेकला भिजायचं हे मान्य करून निघावं. भीती भिजण्याची नाही, भिजलेल्या अंगाला लागणाऱ्या वाऱ्याची आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचून घेतं. चालत असताना हे जाणवत नाही. धारेवर फोटोसाठी दहा मिनिटं थांबलं की ओठ निळे पडायला लागतात, आणि तेही २० अंश तापमानात. सुती टी-शर्ट आणि जीन्स अशा वेळी अक्षरशः वैरी. सुती कापड पाणी धरून बसतं ते रात्रीपर्यंत सोडत नाही. खेळाडू घालतात तो साधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, वारा अडवेल असं स्वस्तातलं विंडचीटर, बस झालं. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा तो सैल रेनकोट, मात्र पायथ्यापर्यंतच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी वारा खालून वर येतो आणि पोंचो थेट तोंडावर चढतो. पुढचं पाऊल कुठे पडतंय हेच दिसेनासं होतं.

या सगळ्यात जपायचा तो कोरडा जोड. एक पूर्ण पोशाख, आतल्या कपड्यांसकट, मोज्यांसकट, जो मुक्कामाला पोचल्याशिवाय काही झालं तरी बाहेर काढायचा नाही. आणि सकाळी निघताना पुन्हा कालचे ओले कपडे अंगात घालायचे. हे ऐकून नवीन मुलं शहारतात. पण सकाळी कोरडे घालून निघालात तर दुपारपर्यंत दोन्ही जोड ओले आणि रात्र ओल्या कपड्यांत.

सॅकवर चढवायचं ते रेनकव्हर मला कधीच पटलेलं नाही. पाठीकडची बाजू उघडीच असते. मानेवरून ओघळणारं पाणी पाठीवरून थेट सॅकच्या कापडात जातं, तळाला साठतं, आणि कव्हर त्याला बाहेर पडू देत नाही. शिवाय कड्यावरच्या वाऱ्यात ते उडून जातं, मग दरीत आणखी एक निळं प्लास्टिक. त्यापेक्षा सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी, सगळं सामान त्यात, तोंड पिळून दुमडून गाठ. बाहेरून सॅक भिजेना का.

ही अक्कल कुठल्याही दुकानात मिळत नाही, पायथ्याच्या वाडीत मिळते. रतनगडाखाली एका वाटाड्या मामांना मी पाऊस सुरू झाल्यावर तयार होताना पाहिलं. त्यांनी युरियाचं रिकामं पोतं घेतलं, झटकलं. तळाचा एक कोपरा चिमटीत धरून दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलला, मुठीने दोनदा ठोकून बसवला. झाली खोळ. डोक्यावर घेतली तर पाठ पार कमरेखालपर्यंत झाकलेली आणि पुढची बाजू सगळी मोकळी. घाम कोंडायला जागाच नाही. हात मोकळे, कमरेला आकडीत कोयता, पायात प्लास्टिकचे बूट. पूर्वी हेच काम बांबूच्या कामट्या आणि पानं लावलेलं इरलं करायचं, वाकून भातलावणी करणाऱ्या माणसाच्या पाठीसाठीच त्याचा आकार. आमच्या ग्रुपमधल्या एकाने आपलं जॅकेट मामांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी कापड बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाले, "भारी हाय. पर याच्यात उबून मरशीला दादा." बाकी काय बोलणार?

त्या प्लास्टिकच्या बुटांवरून आठवलं. वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात घेऊ नका. सह्याद्रीत ओढे गुडघ्याएवढे असतात, पाणी वरून आत शिरतं आणि वॉटरप्रूफ म्हणूनच बाहेर पडत नाही. जाळीचे, पाणी निथळू देणारे बूट बरे, आणि तळ पाहून घ्यावेत. ओल्या काळ्या कातळावर शेवाळ असेल तर जगातला कुठलाही तळवा धरत नाही, हे विकणारा सांगत नाही म्हणून मी सांगते. तिथे बसून सरकायचं. आंबोली किंवा कोयनेच्या जंगलात जायचं असेल तर जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. पावसाळ्याचं एवढंच.

ऑक्टोबर उजाडला की सगळं उलटं होतं. गवत वाळायला लागतं, ओढे आटतात, बेसाल्टचा कातळ दुपारपर्यंत तापून तव्यासारखा होतो. आता सॅकमधली सगळ्यात जड गोष्ट कुठली, तर पाणी. एका लिटरचं एक किलो, यात काटछाट नाही. उन्हातल्या चढावर तासाला अर्धा लिटर सहज लागतं, म्हणजे दिवसभराच्या कोरड्या वाटेसाठी माणशी चार ते पाच लिटर. लोक टूथब्रशचा दांडा कापून ग्रॅम वाचवतात आणि स्टीलची बाटली घेतात, जिचं रिकामं वजनच पाव किलोच्या आसपास असतं. माझ्याकडे कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या आहेत. जेमतेम ५० ग्रॅमच्या, पडल्या तरी फुटत नाहीत, संपल्या की चेपून ठेवता येतात. नळीवाली पिशवी सोयीची खरी, पण किती उरलंय ते दिसत नाही, आणि नेमकी ती गोष्ट मला दर तासाला कळायला हवी असते. एक बाटली शेवटची म्हणून वेगळी ठेवायची, तिला गाडीपाशी पोचेपर्यंत हात लावायचा नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एका पूर्ण लिटरसाठी असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतून पिऊ नये.

किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात. ज्यांनी ती खोदली त्यांना पाण्याशिवाय किल्ला लढवता येत नाही हे पक्कं ठाऊक होतं, आणि कातळाच्या पोटातली खांबटाकी उन्हाळ्यातही गारेगार पाणी देतात. पण सगळी टाकी पिण्याजोगी नसतात आणि सगळी मेपर्यंत टिकत नाहीत. नकाशावर टाकं आहे म्हणून पाणी कमी नेणं हा जुगार. पायथ्याला विचारायचं, "वरच्या टाक्यात अजून पाणी आहे का?" गुरं चारायला वर जाणाऱ्याला विचारायचं, हॉटेलवाल्याला नाही.

आणि एक गोष्ट, जी सामानाच्या यादीत कुणी लिहीत नाही. मार्चअखेरीला कळसूबाईच्या रांगेतल्या एका वाडीत आम्ही पहाटे उतरलो. घराच्या ओट्यावर एक मावशी बसलेल्या. कुणीतरी सवयीने रिकाम्या बाटल्या पुढे केल्या. मावशी म्हणाल्या, "प्यायला घ्या की ताई, पर बाटल्या भरायच्या तर माझ्यासंगं हिरीवर चला. घरात येकच हंडा हाय." आम्ही दोघी गेलो. विहीर वाडीच्या खाली, वाट बऱ्यापैकी उताराची. तळाशी गढूळ चकती दिसत होती, पोहरा टेकवून तिरपा करावा लागत होता. मावशींनी हंडा भरला, पदराची चुंबळ केली, हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, आणि चढ चढायला लागल्या. पाठ सरळ, मान स्थिर. वर जाईपर्यंत हंड्यातून थेंब सांडला नाही. आमच्या पाठीवर पट्टे, गाद्या, बकलं, आणि धाप आम्हालाच.

डोक्यावरच्या ओझ्याबद्दल शास्त्रज्ञांनाही कुतूहल आहे. नेपाळी हमालांच्या मोजमापांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात कपाळावरच्या पट्ट्याने डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, वाहणाऱ्या पुरुषांचं सरासरी ओझं स्वतःच्या वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त निघालं. मला मात्र त्या विहिरीपाशी शास्त्र सुचत नव्हतं. मुंबईत माझ्या नळाला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरणांमधून येतं. त्याच शहापूर तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला, ती हीच. तेव्हापासून जानेवारीनंतरचा ट्रेक असेल तर घरून निघतानाच सगळ्या बाटल्या भरलेल्या. कसाऱ्याच्या लोकलमध्ये पाच किलो जास्त वजन मांडीवर घेऊन बसायचं. पायथ्याशी भरू, हा विचार मी सॅकची मापं ठरवताना धरतच नाही.

आता सॅक. सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू ही, आणि लोक सगळ्यात आधी घेतात. आधी सामान गोळा करा, जमिनीवर मांडा, त्यात पाण्याच्या बाटल्या मांडा, मग जेवढं होईल तेवढी सॅक. सह्याद्रीतल्या एका मुक्कामाला ४० ते ४५ लिटर भरपूर होतात, एका दिवसाला २५. साठ-सत्तर लिटरची घेतलीत तर ती भरणारच. रिकामी जागा बघवत नाही आपल्याला, मग चिवड्याचा डबा, दुसरा टॉवेल, उशी असं करत करत ती गळ्यापर्यंत येते.

मापाचं म्हणाल तर लिटरपेक्षा सेंटिमीटर महत्त्वाचे. मान पुढे झुकवली की मागे एक हाड ठळक हाताला लागतं. तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांची वरची कड जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर, ती तुमच्या पाठीची लांबी. सॅक या लांबीला बसली पाहिजे, तुमच्या उंचीला नव्हे. माझ्याएवढ्याच उंचीच्या मैत्रिणीची पाठ माझ्यापेक्षा चांगली चार बोटं लांब आहे, तिची सॅक माझ्या पाठीवर पट्ट्यांनी लोंबकळते. बायकांची पाठ सरासरीने आखूड आणि कंबर रुंद, आणि सगळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सॅका पुरुषांच्या मापाने बेतलेल्या. छातीवरचा पट्टा कुठे येतो हेसुद्धा घालून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानातल्या पोरांना ते विचारायला संकोच वाटतो. वाटू देऊ नये.

ओझं खांद्यावर घ्यायचं नसतं. डिक केल्टी यांनी १९५२ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकायला सुरुवात केली, तेव्हापासून कमरपट्टा हाच सॅकचा खरा आधार झाला. कमरपट्टा परकराची नाडी बांधतो तिथे बांधायचा नाही, त्याच्या खाली, हाडाच्या कडेवर त्याची गादी बसली पाहिजे. आधी कमरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, तेही सॅक पाठीला टेकून राहील इतकेच. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. आठ-दहा किलो भरायला सांगा, नसेल तर घरून भरलेल्या बाटल्या न्या, आणि जिना चढून-उतरून बघा. पंधरा मिनिटांनी जिथे टोचतं तिथे सहा तासांनी सोलवटणार. लाज वाटते खरी, पण हजारो रुपये मोजताय, आणि आपण साडी घेताना अख्खं दुकान खाली काढायला लावतोच की.

पाठीला जाळी ताणलेल्या सॅका हल्ली फार खपतात. पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळते, ऑक्टोबरात बरं वाटतं. पण त्या जाळीपायी ओझं पाठीपासून चार बोटं मागे जातं. सपाट वाटेवर काही बिघडत नाही. अलंग-मदनसारख्या किल्ल्यांवर, कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर छाती भिंतीला लावून चढताना तेच चार बोटांचं अंतर माणसाला मागे ओढतं. मी पाठीला चिकटणारी सॅक घेते आणि पाठ भिजू देते. भरतानाही हाच हिशेब, पाण्यासारखं जड सामान पाठीला टेकून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. दोन्ही बाजूंच्या खिशांत दोन लिटरच्या बाटल्या खोचल्या तर एक संपली की सॅक कलते आणि चाल बिघडते.

आणि कॅरीमॅट, ती झोपताना खाली अंथरायची फोमची गुंडाळी! दर शनिवारी पहाटे कसाऱ्याच्या जीपमध्ये निदान चार जणांच्या सॅकला आडवी बांधलेली दिसते. फोटोत झकास दिसते, मान्य. पण आडवी बांधलेली मॅट खांद्यांपेक्षा रुंद होते. अरुंद ट्रॅव्हर्सवर, म्हणजे डोंगराच्या कडेने आडव्या जाणाऱ्या वाटेवर, ती आधी कारवीच्या झुडपांत अडकते, मग डोंगराच्या अंगाला घासते आणि तुम्हाला दरीच्या बाजूला ढकलते. उभी बांधा, नाहीतर नळकांड्यासारखी सॅकच्या आत घालून तिच्या पोकळीत बाकीचं सामान भरा.

हिमालयाचा विषय वेगळा आणि त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढं करावं, सामान विकत घेऊ नये. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमांत सॅक बेस कॅम्पवर मिळते, स्लीपिंग बॅगा वरच्या कॅम्पांवर असतात, आपण फक्त चादर शिवून केलेलं आतलं अस्तर न्यायचं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतल्या कोर्सलाही सामान संस्थाच देते. तिथे चार रात्री काढल्या की आपल्याला काय लागतं ते आपलं आपल्याला कळतं. स्लीपिंग बॅग घेतलीतच तर पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेल्या तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका. युरोपीय मानकाप्रमाणे कम्फर्ट आणि लिमिट असे दोन आकडे असतात. कम्फर्टचा आकडा सरासरी बाईला सुखाने झोप लागेल असा, लिमिटचा सरासरी पुरुष अंगाचं मुटकुळं करून रात्र काढेल असा. मुलींनी पहिलाच बघावा. आणि उणे दहाची पिसांची बॅग राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपायला आणू नये, घाम येतो. पिसं ओली झाली की त्यांचा लगदा होतो, म्हणजे पावसाळ्यात ती बिनकामाची. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला पातळ बॅग आणि कानटोपी पुरते.

बाकीच्या वस्तूंवर फार बोलत नाही. टॉर्च डोक्याला लावायची, हातातली नको. काठी पायथ्याच्या वाडीत मिळते, बांबूची, गुडघ्यांना तेवढाच आराम. सेंट, अत्तर, वासाचा स्प्रे घरी ठेवा, किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. आणि दोर. हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनची दोरी घेऊन कातळटप्पा चढायला निघालेले ग्रुप मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा आलाय. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचा शिक्का असलेला दोर, तो बांधायला शिकलेला माणूस, दोन्ही असतील तर जा. नसतील तर सह्याद्रीत दोराशिवाय जाता येईल असे शेकडो किल्ले आहेत.

सॅक आणली की तिचं आयुष्य डोंगरात कमी आणि माळ्यावर जास्त जातं, आणि मुंबईच्या दमट हवेत पाणी तिथेही पिच्छा सोडत नाही. आतल्या बाजूला वॉटरप्रूफ म्हणून जो थर दिलेला असतो तो दमटपणाने विरघळायला लागतो. चिकट होतो, वास मारतो, पापुद्रे सुटतात. पाच-सहा वर्षांची, जेमतेम वापरलेली सॅक लोक मला दाखवतात, कापड नवंकोरं आणि आत हात घातला तर बोटं चिकटतात. त्याला औषध नाही. ट्रेकहून आल्यावर सॅक उलटी करून झटका, साध्या पाण्याने धुवा, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, सावलीत उलटी टांगून पूर्ण वाळवा आणि मगच ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. मी माझी दाराच्या मागे खुंटीला टांगते. सासूबाई अधूनमधून तिच्यात कांदे ठेवतात, हवा खेळती राहते म्हणून.